पाहुण्यांना मटार सोलायला बसवायचं का?

*प्रिय ताई,*

*आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. वन बीएचके. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. कॉलेजपासूनचा आमचा आठ जणांचा ग्रुप आहे. गणपती-दिवाळीत ज्याला त्याला आपापलं घर असतं, म्हणून आम्ही नाताळच्या सुट्टीला भेटतो. गेल्या वर्षी मीच हौसेने म्हटलं, हॉटेल नको, माझ्याकडे या, सगळे मिळून स्वयंपाक करू. प्रत्यक्षात मी एकटीच ओट्याशी. दोघी मैत्रिणी स्वयंपाकघराच्या दारात 'काही करू का?' विचारत उभ्या आणि मुलगे हॉलमध्ये मोबाइल घेऊन बसलेले. एकीने मला न विचारता रश्श्यात मीठ टाकलं, मी आधीच टाकलं होतं. जैन मैत्रीण दहीभात खाऊन गेली. मरोळची मैत्रीण ईस्ट इंडियन, म्हणजे मूळची इथलीच ख्रिस्ती आहे, तेव्हा सण खरं तर तिचा, पण ती कोपऱ्यात बसून होती. जेवायला साडेदहा वाजले. बदलापूरचे दोघं गाडी चुकेल म्हणून अर्ध्या ताटावरून उठले. रात्री दोन वाजता भांड्यांचा ढीग बघून मला रडू आलं. यंदा सगळे पुन्हा विचारतायत. मलाही हवंय, पण हिंमत होत नाही. त्यात सासूबाई म्हणतात, घरी बोलावलेल्या माणसाला कामाला लावणं शोभतं का? आणि २५ डिसेंबरला यंदा गुरुवार आहे. काय करू?*

*– ओट्यापाशी अडकलेली*

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाजूने वाचलं तेव्हा त्या मोबाइलवाल्यांचा राग आला. दुसऱ्यांदा दारात उभ्या असलेल्या दोघींच्या बाजूने वाचलं. त्या विचारत होत्या, काही करू का. तू काय उत्तर दिलंस ते पत्रात नाही, पण मी पैजेवर सांगते, तू म्हणाली असशील, "नको गं, बस तू, झालंच आता." आणि झालं तर काहीच नव्हतं.

तू माणसं बोलावलीस स्वयंपाकाला आणि ती दारात आल्यावर त्यांचं स्वागत केलंस पाहुणे म्हणून. सरबत दिलंस, पंखा लावलास, बसा म्हणालीस. मग ती बसली. यात त्यांचा दोष मला अर्धाच दिसतो.

सासूबाईंना मी उत्तर देत नाही, त्यांनाच आठवायला सांग. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. दिवाळीच्या आधी आमच्या गॅलरीत चकल्यांचा घाणा निघायचा तेव्हा शेजारच्या चार बायका आपापला सोऱ्या घेऊन यायच्या. उन्हाळ्यात पापड लाटायला पोळपाट-लाटणं काखेत मारून यायच्या, जाताना लाट्या खाऊन आणि पोरांसाठी दोन लाट्या पदरात बांधून जायच्या. त्यांना कुणी पाहुणी म्हणत नव्हतं, आणि 'कामाला लावलं' असंही कुणाच्या डोक्यात यायचं नाही. तुझ्या सासूबाईंनीही हे पाहिलेलं असणार. त्यांचा खरा आक्षेप बहुधा वेगळा आहे: त्यांच्या स्वयंपाकघरात सात परकी माणसं घुसणार, त्यांचा मिसळणाचा डबा कुणीतरी ओल्या हाताने उघडणार. हा आक्षेप रास्त आहे. त्याची सोय करता येते. ती पुढे सांगते.

आधी गुरुवारचं. मार्गशीर्ष यंदा २० डिसेंबरलाच संपतोय, त्यामुळे २५ तारखेचा गुरुवार पौषातला. पण हे पंचांग सासूबाईंपुढे नाचवू नकोस. जे बारा महिने गुरुवार पाळतात त्यांच्याशी तिथीवरून वाद जिंकून घरात काही मिळत नाही. यंदा जेवण शाकाहारी ठेव आणि विषय संपव. अंडंही नको. एक सण कोंबडीवाचून झाला तर काही बिघडत नाही, आणि त्या मरोळच्या मैत्रिणीच्या घरी आदल्या रात्रीची चर्चमधली मिस्सा, दुपारचं साग्रसंगीत जेवण, सगळं आधीच झालेलं असणार. संध्याकाळी ती तुझ्याकडे येईल ती इंदियालच्या, म्हणजे त्यांच्या मांसाहारी रश्श्याच्या, आशेने नव्हे.

जैन मैत्रिणीला मात्र आजच फोन कर आणि एकच प्रश्न विचार: सूर्यास्तानंतर जेवतेस का? गेल्या वर्षी तिने दहीभात तरी खाल्ला, म्हणजे ती चौविहार (सूर्यास्तानंतर अन्न-पाणी वर्ज्य) पाळत नसेल, पण विचार. पाळत असेल तर तुझ्या रात्रीच्या पंगतीचा तिला काडीचा उपयोग नाही. मुंबईत २५ डिसेंबरला सूर्य सहा वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. तिचं ताट साडेपाचला वाढलेलं असलं पाहिजे. मग सगळ्यांनाच चारला बोलाव. त्याने बदलापूरचाही प्रश्न सुटतो.

आता स्वयंपाक. तुझ्या ओट्यासमोर दोन माणसं उभी राहतात. तिसरं आलं की फ्रिजचं दार उघडत नाही, खरं ना? आणि शेगडीला बर्नर दोन. ही तुझी खरी अडचण आहे, मैत्रीबित्रीचा प्रश्न नंतर. आठ जणांना एकाच वेळी स्वयंपाकघरात कोंबून 'मिळून स्वयंपाक' होत नाही, धक्काबुक्की होते. स्वयंपाक हॉलमध्ये आण. सोफा भिंतीला लाव, जमिनीवर चटई, चटईवर वर्तमानपत्रं, मधोमध मोठी परात. परातीत मटार.

मटाराची मी मुद्दाम शिफारस करते आहे. डिसेंबरअखेर तो गोड असतो, शेंगा टपोऱ्या असतात, आणि सोलायला कसब लागत नाही. अंगठ्याने शिवण दाबली की शेंग टक् करून उघडते, अंगठा आतून फिरवला की पाच-सात दाणे परातीत टपटप पडतात. हात चालू, डोळे मोकळे, तोंड मोकळं. वर्षभर न भेटलेली माणसं पहिली वीस मिनिटं एकमेकांशी जरा अवघडून बोलतात, "मग काय, नवीन काय" वगैरे. हातात शेंग असली की तो अवघडलेपणा कधी गेला ते कळत नाही. मोबाइलवाल्याचेही दोन्ही हात गुंतलेले. तुझ्या नऊ वर्षांच्या मुलीलाही हे काम येतं, आणि सासूबाईंना खुर्चीत बसून येतं. तीन किलो शेंगांचे साधारण सव्वा किलो दाणे निघतात. अकरा माणसांच्या उसळीला तेवढे पुरतात.

उसळ करताना एक चलाखी कर. गेल्या वर्षी बहुतेक तुम्ही सगळ्यांसाठी एक रस्सा केला आणि जैन मैत्रिणीसाठी 'काहीतरी वेगळं' करायचं राहून गेलं. वेगळं हे नेहमीच राहतं. म्हणून उलटं कर. मूळ उसळच सगळ्यांना चालेल अशी: ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरं यांचं वाटण, आलं-लसूण-कांदा काही नाही. चवीला कमी पडत नाही, उलट मटाराचा गोडवा नीट लागतो. ज्यांना लसणाशिवाय घास उतरत नाही त्यांच्यासाठी पळीभर तेलात लसूण लाल करून वाटीत बाजूला ठेव, ज्याने त्याने आपल्या ताटात वरून घालून घ्यावा. आणि तिला आधी विचारल्याशिवाय वांगी, गाजर आणू नकोस.

दुसरा पदार्थ थालीपीठ. इथे सासूबाईंची सोय. भाजणी त्यांची. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरं – प्रमाण त्यांचं, भाजणं त्यांच्या देखरेखीखाली, गिरणीत तू किंवा नवरा जा. २० तारखेपर्यंत उरकून टाक, नाताळच्या आठवड्यात गिरणीवाला गावी गेला तर पंचाईत. त्या दिवशी पीठही त्यांनाच भिजवायला सांग: एक कांद्याचं, एक दुधी किसून कोथिंबिरीचं. मिसळणाचा डबाही त्यांच्याच ताब्यात राहील. थापायचं मात्र बाकीच्यांनी. ओल्या फडक्यावर गोळा ठेवायचा, बोटं पाण्यात बुडवून थापायचा, मध्ये भोकं पाडायची. कुणाचं महाराष्ट्राच्या नकाशासारखं होईल, कुणाचं होडीसारखं. होऊ दे.

हे 'होऊ दे' मी मोठ्या अनुभवाने सांगते. तीस वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातल्या सहा जणी आमच्या खोलीत जमल्या होत्या. पुरी-श्रीखंडाचा बेत होता. एकीने पुरी लाटली, जरा लांबुळकी झाली. मी बोलले काही नाही. फक्त तिच्या पोळपाटावरची पुरी उचलली, तिचा पुन्हा गोळा केला आणि गोल लाटून कढईत सोडली. ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. नंतर अनेक वर्षांची मैत्री, एकमेकींच्या अडीअडचणीला धावणं, सगळं झालं, पण माझ्या घरी तिने पुन्हा कधी लाटणं हातात घेतलं नाही. आणि पुरी तेलात लांबुळकीही फुगते. तुझ्या पत्रात मिठाबद्दलचं वाक्य वाचताना मला ती खिडकी आठवली. त्या मैत्रिणीने विचारायला हवं होतं, कबूल. पण तिने मीठ टाकलं ते तिलाही त्या रश्श्यात कुठेतरी हात घालायचा होता म्हणून.

म्हणून कामं वाटू नकोस, पदार्थ वाट. फरक मोठा आहे. "कोथिंबीर निवडून दे" हे काम झालं. ते करणारा माणूस कोथिंबीर निवडून झाली की पुन्हा दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, अजून काही? "उसळ तुमची" म्हटलं की खोबरं खवण्यापासून मीठ घालण्यापर्यंत सगळं त्या दोघांचं, आणि मिठाची चव बघायचा हक्कही फक्त त्यांचा. तू चव घेऊन नाक मुरडायचं नाहीस. दोघादोघांच्या जोड्या कर, नवरा-बायको एकत्र देऊ नकोस, आणि ग्रुपवर आठ दिवस आधी लिहून टाक कोणाचं काय. मुलग्यांपैकी दोघांना संपूर्ण उसळ दे. पुरुषांना नुसतं 'मदत करा' म्हटलं तर ते खुर्च्या सरकवतात. पदार्थ दिला की आदल्या रात्री आईला फोन करून विचारतात, मी पाहिलंय.

तिसरा पदार्थ तुझ्या मरोळच्या मैत्रिणीचा. सण तिचा आणि ती कोपऱ्यात बसलेली, हे वाचून मला जरा वाईट वाटलं. तिला विचार, फुगे करशील का? ईस्ट इंडियन घरांत नाताळाला, लग्नाला फुगे होतात: मैदा, नारळाचं दूध, थोडी साखर, आंबवायला पूर्वी ताडी, आता यीस्ट. बहुतेक घरी अंडंही पडतं, तेव्हा गुरुवारी अंड्याशिवाय जमतील का ते तिच्याकडूनच घे, आणि यीस्टचं चालतं का ते जैन मैत्रिणीकडून. सैलसर पीठ काही तास फुगू द्यायचं. मग ते मुठीत घ्यायचं, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो ओल्या बोटाने किंवा चमच्याने तोडून तेलात सोडायचा. तेलात पडला की तो फुगून गरगरीत होतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या फुग्याला शेपूट येतं. शेपूटवाल्यांवर सर्वात जास्त हसू येतं आणि तेच आधी संपतात. मटार उसळीत बुडवून खायला ते पावापेक्षा भारी लागतात. तिने पीठ घरून भिजवून आणलं तर डब्याचं झाकण सैल ठेव म्हणावं, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्येच पीठ डोकं वर काढेल. अर्थात तिला दमायला झालं असेल, नको म्हणाली तर आग्रह करू नकोस. नाताळाच्या दिवशी तिलाही सुट्टी आहे.

तळणाच्या कढईपाशी एका वेळी एकच माणूस, आणि मुलगी हॉलमध्ये. यात गंमत चालत नाही.

आता हिशोब बघ, कारण गेल्या वर्षीचे साडेदहा इथेच वाजले असणार. थालीपीठ झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस व्हायला पाच मिनिटं लागतात. अकरा माणसं, दोन-दोन धरली तर बावीस. एका तव्यावर एकशेदहा मिनिटं, म्हणजे जवळपास दोन तास! दुसऱ्या बर्नरवर फुग्यांची कढई. म्हणजे उसळीला जागाच नाही. म्हणून उसळ आधी. चारला सोलायला बसा, पावणेपाचला उसळ चढेल, सव्वापाचला उतरेल, ताबडतोब जैन मैत्रिणीचं ताट: उसळ, दुधीचं थालीपीठ, दही. मग दोन्ही बर्नर मोकळे. कुणाकडे इंडक्शनची शेगडी असेल तर आणायला सांग आणि दुसरा तवा हॉलमध्ये टेबलावर लाव. तवाही इंडक्शनला चालणारा हवा, अॅल्युमिनियमचा साधा तवा त्यावर तापत नाही. आणि इंडक्शन चालू असताना गीझर बंद. दोन्ही मिळून चार हजार वॉटच्या आसपास जातात, एमसीबी पडली की अंधारात थालीपीठ उलटावं लागेल. आमच्याकडे पडली होती.

तरीही सगळ्यांची थालीपीठं एकदम तयार होणार नाहीत. व्हायला नकोतच. अकरा ताटं एकदम वाढून "चला, बसा" म्हणायचा हट्ट सोड. तव्यावरून उतरलं की चार तुकडे करायचे, लोण्याचा गोळा टाकायचा, ज्याचा हात पोचेल त्याने उचलायचं. थापणाऱ्याने दोन थापली की उठायचं, खाणाऱ्याने बसायचं. सहापासून साडेआठपर्यंत जेवण आणि स्वयंपाक एकमेकांत मिसळून चालू राहील. नऊपर्यंत बदलापूरवाले पोट भरून स्टेशनच्या वाटेला लागतील.

गोडाला गाजर हलवा तुझ्या मनात असेल. नको. दोन किलो गाजरं आटायला एक बर्नर तास-दीड तास अडकतो, आणि गाजर जैन मैत्रिणीला बहुधा चालणार नाही ते वेगळंच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तोवर बाजारात आलेली असते. धुवायची, चिरायची, वर साखर आणि साय. संपलं.

आदल्या दिवशी तू काय करायचंस? फार थोडं. दही लाव, शेंगदाण्याची चटणी कर, ताटं-वाट्या मोजून काढून ठेव, ओटा रिकामा कर. अगदी रिकामा, ते बरण्यांचं प्रदर्शन पलंगाखाली. वाटण करून ठेवायचा मोह होईल तुला. हात बांधून बस. वाटणं करून, पीठ मळून, भाज्या चिरून तयार ठेवल्या की आलेल्यांना उरतं ते फक्त कौतुक करणं. गेल्या वर्षी तुला मदत हवी होती की कौतुक, हे मी विचारणार होते, पण तुझं रडू वाचून थांबले. दोन्ही हवं असतं, मलाही असतं. पण अकरा माणसांत आणि दोन बर्नरवर दोन्ही मिळत नाही.

पैशांचं एक. खरेदी एकाने करायची, हिशोब दुसऱ्याने लिहायचा, आणि जेवण होण्याच्या आधी आकडा ग्रुपवर टाकायचा. जेवणानंतर "राहू दे गं" सुरू होतं आणि ते राहतंच. यजमानीणबाईंनी सगळा खर्च करायची प्रथा असेल तुमच्यात तर ती यंदा मोड. घराची जागा तू दिलीस, तेवढं पुरे.

आणि भांडी. तुझ्याकडे भांड्यांना बाई येत असेल तर २६ तारखेला सकाळी अकरा माणसांचा ढीग, तेलकट कढई, तीन पराती तिच्यासमोर अचानक ठेवू नकोस. आठ दिवस आधी तिला विचार, जमेल का, त्याचे वेगळे पैसे ठरव, तीही कदाचित सुट्टी घेणार असेल. ती नाही म्हणाली तर भांडी हाही एक पदार्थ समजून दोघांना वाटून दे. यातला एक तुझा नवरा. तुझ्या पत्रात तो फक्त एकदा येतो, घरात कोण कोण राहतं त्या यादीत. त्याला म्हणावं, यंदा मोरीशी तू. ग्रुप तिचा आहे, माझा नाही, असं म्हणाला तर त्याच्या मित्रांच्या पार्टीला चकली-चिवडा कोण भरतं ते विचार.

दारात येऊन कुणी विचारलं, काही करू का, तर यंदा उत्तर तयार ठेव: "हात धू आणि खाली बस." तीन किलो म्हटलं मी मटार, पण चार आण. सोलता सोलता एक किलो तोंडातच जातो.

– ताई